अपडाऊनवाले

"आमच्या वेळी असलं काही नव्हतं," हे वाक्य माझ्या वयाची माणसं फार सहज टाकतात. कॉलेजला परत जायची धास्ती म्हणजे मोबाईलवाल्या पोरांचं लाडावलेपण, असा सूर असतो. थापा आहेत सगळ्या. आम्हीही घाबरलो होतो.

1972 च्या दुष्काळात आमच्या करमाडच्या आसपासची पुष्कळ कॉलेजातली पोरं वह्या गुंडाळून खडी फोडायला गेली. कुठे नालाबंडिंग, कुठे पाझर तलाव. कामावर सुकडी, घरी अमेरिकेच्या लाल मिलोच्या भाकरी. थापताना हमखास चिरायच्या. 1973 ला पाऊस पडला आणि वडील म्हणाले, "जाय आता कालेजात." माझ्या पोटात गोळाच आला. हाताला घट्टे, इंग्रजी पार विसरलेली, फीचे पैसे उधारीचे. त्यात पाऊस पुन्हा दगा देणार नाही, हे कोण सांगणार?

तेव्हा मनमाड–काचीगुडा मार्ग मीटरगेज होता. कोळशाचं इंजिन; खिडकीशी बसलं की डोळ्यात कण गेलाच. अपडाऊन करणाऱ्यांचा डबा ठरलेला असे. जालना-बदनापूरकडून येणारे कारकून, मास्तर, कोर्टाच्या तारखेला निघालेले शेतकरी आणि आम्ही विद्यार्थी. पहिल्या दिवशी चढलो तर बदनापूरचा एक पोरगा सरकून जागा देत म्हणाला, "काय रे, तू कुठं होता खडीवर?" तोही तिथूनच आलेला. मग आम्ही तळहात उघडून कोणाचे घट्टे जाड यावर भांडलो, एका मास्तरांनी चष्मा वर करून निकाल दिला, आणि चिकलठाणा कधी गेलं कळलं नाही. स्टेशनवरून देवगिरी कॉलेजकडे निघालो तेव्हा धास्ती होतीच, पण आता ती सगळ्या टोळक्याची होती.

कॉलेज तरी सुरळीत कुठे चाललं? 1974 च्या सुरुवातीला वसमतला गोळीबार झाला, मराठवाडा विकास आंदोलन पेटलं आणि वर्ग पुन्हा ओस पडले.

म्हणून 2021 मध्ये माझी नात "आबा, वर्गात जाऊन बसायचीच भीती वाटायलीय," म्हणाली तेव्हा मी तिला धीर वगैरे दिला नाही. बारावीनंतर तिने कॉलेज पाहिलं होतं ते मोबाईलच्या पडद्यावर. फेब्रुवारीत निम्म्या हजेरीने वर्ग भरवायला सरकारने परवानगी दिली, तर 11 मार्चपासून इकडे अंशतः लॉकडाउन. पुढे 20 ऑक्टोबरला कॉलेजं उघडली, पण दोन्ही डोस झालेल्यांसाठी. कोव्हिशिल्डच्या दोन डोसांत 84 दिवसांचं अंतर. ती कॅलेंडरवर खुणा करत बसली होती.

आणि करमाडच्या माणसाला रुळाकडे पाहून आता बरं वाटत नाही. जालन्याहून पायी निघालेले मध्य प्रदेशचे 16 मजूर 8 मे 2020 ला पहाटे इथल्याच रुळावर मालगाडीखाली गेले. गाड्या बंद आहेत या भरवशावर ते टेकले होते. रुळावर विखुरलेल्या भाकऱ्यांचे फोटो नातीने फोनवर पाहिले, तिच्या वयाला ते न पाहणं शक्यच नव्हतं.

तरी मला वाटतं, तिची खरी अडचण वेगळी होती. तिला डबाच मिळाला नाही. कॉलेज उघडून आठवडा होतो न होतो तोच एसटीचा संप सुरू झाला आणि पुढे महिनोन्‌महिने चिघळला. एसटीच्या राज्य सरकारात विलीनीकरणाची मागणी चूक की बरोबर, हा वाद बाजूला ठेवू. पण गावोगावच्या पोरी ज्या गाडीत एकमेकींना भेटल्या असत्या, ती गाडीच आगारात उभी. बाप तिला मोटरसायकलवर शेंद्र्याच्या कारखान्यांपुढून थेट कॉलेजच्या फाटकाशी सोडायचा. ती एकटी आत, एकटी बाहेर. घरी आली की डोकं दुखायचं.

बापाची शिफ्ट बदलली म्हणून नाइलाजाने ती काळी-पिवळी जीपमध्ये बसली. मागच्या बाकावर कोंबलेल्या चौघी, एकीलाही मास्कविना दुसरीचा चेहरा माहीत नाही. केंब्रिज चौकात गाडी अडकली तेव्हा एकीने डब्यातला चिवडा काढला, मास्क खाली आले. संध्याकाळी नात मला त्यांची नावं, गावं, कोणाचा दुसरा डोस कधी झाला, सगळं सांगत बसली. डोकेदुखीचा विषय निघाला नाही.

एप्रिल 2022 मध्ये एसटी पुन्हा धावू लागली. सवलतीचा पास निघाला. पण चौघींपैकी एकीला एसटी सोयीची नाही, म्हणून बाईसाहेब अधूनमधून जीपनेच जायच्या. पास असून वर जीपचे पैसे कशाला, ही बापाची कुरकुर परीक्षा होईपर्यंत चालली. मी जीपचे सुटे पैसे गुपचूप तिच्या हातावर ठेवत होतो.