सायकलीची फिर्याद

चोरी लहान की मोठी, हे ठरवायचे कोणी? व्यापारी घरांत या प्रश्नाचे उत्तर सहसा रकमेवरून दिले जाते. गोदामातून साखरेची पोती गेली की घरातील चार माणसे पोलीस ठाण्यावर धावतात. दाराशी लावलेली सायकल गेली की, ‘जाऊ द्या, नवी घेऊ’ असे म्हणून विषय संपतो. बँकेतील चौतीस वर्षांच्या नोकरीत मला निराळा हिशेब पाहायला मिळाला. ज्याच्या खात्यात पाच लाख शिल्लक आहेत, त्याचे पाच हजार गेले तर तो रागावतो. ज्याच्या खात्यात सहा हजारच आहेत, त्याचे पाच हजार गेले तर तो काउंटरचा कठडा धरून नुसता उभा राहतो. रक्कम दोघांची सारखीच असते, परंतु मागे उरलेली शिल्लक सारखी नसते.

गेल्या वर्षी हा हिशेब मला पुन्हा मांडावा लागला. आमच्या सोसायटीच्या रखवालदाराची मुलगी बारावीत, विज्ञान शाखेत शिकत होती. महाविद्यालय साडेसहा किलोमीटर दूर, पहिला तास सकाळी सातचा, आणि त्या वेळी आमच्या बाजूने बस नाही. म्हणून २०२४ च्या दिवाळीत वडिलांनी तिला ६,९०० रुपयांची सायकल घेऊन दिली. चार हजार रोख आणि बाकीचे २,९०० पाच हप्त्यांत. हप्ते फिटून तीन महिने होतात न होतात तोच, ३ जुलै २०२५ रोजी, गुरुवारी सायंकाळी, अभ्यासिकेबाहेर कुलूप लावून ठेवलेली ती सायकल चोरीस गेली. तोडलेल्या कुलपाची कडी तेवढी जागेवर पडलेली होती.

वडील त्याच रात्री पोलीस ठाण्यात गेले. तेथे त्यांना सांगण्यात आले, “सायकल हरवल्याचा अर्ज लिहून द्या, दाखला मिळेल.” ते कडी खिशात घेऊन तसेच परत आले. दुसऱ्या दिवशी सकाळी गेटवर मला म्हणाले, “साहेब, दाखल्याचं मी काय करू? पोरगी म्हणते, सकाळचे तास सोडून देते, दुपारचेच करते.” सकाळचे तास भौतिकशास्त्राचे आणि गणिताचे होते. चोराने नेमके काय नेले होते, ते त्या एका वाक्यात मला कळले.

‘हरवली’ आणि ‘चोरीस गेली’ हे दोन शब्द एकमेकांच्या जागी चालत नाहीत, हे बँकेत काम केलेल्या माणसाला सांगावे लागत नाही. धनादेश गहाळ झाला की आम्ही फक्त त्याचे पैसे थांबवून ठेवत असू. धनादेशावर खोटी सही झाली की चौकशी बसत असे. गहाळ वस्तूच्या दाखल्यात चोर नसतो, आणि ज्या कागदात चोरच नाही त्यावर तपास तरी कोणाचा करायचा? म्हणून सायकलीचे बिल, कुलपाची कडी आणि दोन प्रतींत लिहिलेला अर्ज घेऊन आम्ही दोघे ठाण्यात गेलो.

ठाणे अंमलदार सभ्य गृहस्थ होते, परंतु त्यांच्यापुढे कामाचा डोंगर होता. त्या वर्षी आषाढी एकादशी आणि मोहरम हे दोन्ही ६ जुलै या एकाच दिवशी आले होते, आणि निम्मे मनुष्यबळ बंदोबस्तास लागले होते. “काका, सायकलीचा गुन्हा कोण नोंदवतं?” असे त्यांनी विचारले, तेव्हा त्या स्वरात उद्धटपणा नव्हता, थकवा होता. नंतर मात्र त्यांनी एक कायदेशीर मुद्दा काढला, आणि तो खरा होता.

वाचकांना तो माहीत असणे आवश्यक वाटते म्हणून थोडे विस्ताराने सांगतो. जुन्या भारतीय दंड संहितेत चोरी कितीही रकमेची असो, ती दखलपात्र होती. म्हणजे पोलिसांना न्यायालयाच्या परवानगीवाचून तपास करता येत असे. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाल्या, आणि पाच हजार रुपयांपेक्षा कमी किमतीच्या वस्तूची चोरी अदखलपात्र ठरली. अशा चोरीची नोंद अदखलपात्र गुन्ह्यांच्या नोंदवहीत होते आणि दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय तपास होत नाही. थोडक्यात, आमची सायकल ५,००० रुपयांच्या रेषेच्या वर आहे की खाली, यावर सारे अवलंबून होते. “वापरलेली सायकल,” अंमलदार म्हणाले, “चार हजारांच्या वर कोण देईल?”

वाणिज्य शाखेची पदव्युत्तर पदवी पोलीस ठाण्यात उपयोगी पडेल असे मला कधी वाटले नव्हते. मी त्यांच्याच टेबलावरील कागदाच्या मागे घसारा मांडला. खरेदी ६,९०० रुपये. वार्षिक घसारा २० टक्के धरला तर १,३८० रुपये. आठ महिन्यांचा ९२० रुपये. बाकी किंमत ५,९८० रुपये. आकडेमोड पाहून शेजारचे हवालदार हसले, अंमलदारही हसले. परंतु बिल समोर होते आणि त्यावर तारीख होती. बिल नसते तर चार हजार हा त्यांचा आकडा आणि सहा हजार हा माझा आकडा यांत निवडण्यास काहीच आधार उरला नसता.

तरीही त्या दिवशी गुन्हा नोंदला गेला नाही. “साहेब बंदोबस्तावरून आले की बघू,” असे उत्तर मिळाले. मी वाद घातला नाही. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच म्हणून शिक्का, तारीख आणि सही तेवढी मागितली. आवक शिक्का नसलेला कागद हा कागदच नव्हे, ही बँकेची शिकवण. थोडी खळखळ झाली, पण शिक्का मिळाला.

त्याच दरम्यान दुसरे काम निघाले. अभ्यासिकेसमोर आपल्याच समाजातील एका बंधूंचे कापडाचे दुकान आहे, आणि त्यांच्या दारावरील कॅमेरा नेमका त्या कोपऱ्याकडे पाहतो. मी त्यांना भेटलो. ते म्हणाले, “भाऊ, चित्रण आहे. पण मी आपण होऊन दिलं तर उद्या साक्षीला कोर्टाच्या पायऱ्या मलाच झिजवाव्या लागतील. पोलिसांनी मागितलं तर नाही म्हणणार नाही. मात्र पंधरा दिवसांनी जुनं आपोआप पुसलं जातं.” त्यांची भीती मला परकी नव्हती, पेढी सोडून दिवसभर न्यायालयात बसणे कोणत्या व्यापाऱ्याला परवडते? परंतु यातून एक विचित्र साखळी तयार झाली. गुन्हा नोंदल्याशिवाय पोलीस चित्रण मागणार नाहीत, पोलिसांनी मागितल्याशिवाय दुकानदार देणार नाहीत, आणि १८ तारखेला तो पुरावाच नाहीसा होणार.

८ जुलैस पुन्हा ठाण्यात गेलो. अर्ज तेथेच होता. तेव्हा पुढची पायरी घेतली. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये ती स्पष्ट लिहिलेली आहे. ठाण्यात माहिती नोंदवून घेतली नाही, तर तिचा सारांश लेखी स्वरूपात टपालाने पोलीस अधीक्षकांना पाठवता येतो. तेथेही दाद लागली नाही, तर प्रतिज्ञापत्रासह न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानेही ललिता कुमारी प्रकरणात, १२ नोव्हेंबर २०१३ रोजी, दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाल्यावर प्रथम माहिती अहवाल नोंदवणे बंधनकारक असल्याचे सांगितले आहे. नव्या कायद्यात तीन वर्षांपासून सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यांत, उपअधीक्षकांच्या परवानगीने, चौदा दिवसांत प्राथमिक चौकशी करण्याची मुभा पोलिसांना आहे. परंतु ती मुभा अर्ज टेबलाच्या खणात ठेवण्याची नाही.

९ जुलैस एका पानाचे पत्र लिहिले. त्यात कोणाविषयी तक्रार नव्हती, विशेषणे नव्हती. तारखा, बिलाची प्रत, शिक्का असलेल्या अर्जाची प्रत, आणि ‘चित्रण १८ जुलैनंतर उपलब्ध राहणार नाही’ हे एक वाक्य. सही अर्थातच मुलीच्या वडिलांची होती. फिर्यादी ते होते. मी फक्त सोबत होतो. रजिस्टर पोस्टाची पावती त्यांनी नोटेसारखी घडी घालून खिशात ठेवली.

सोमवारी, १४ जुलैस, ठाण्यातून दूरध्वनी आला. त्याच दुपारी फिर्याद नोंदली गेली आणि अहवालाची प्रत विनामूल्य हाती आली. ती मिळणे हा फिर्यादीचा हक्कच आहे. तपास ज्या सहायक फौजदारांकडे आला, ते त्याच सायंकाळी घटनास्थळी आले, पंचनामा केला आणि समोरच्या दुकानात गेले. आमच्या कापडवाल्या बंधूंनी चहा मागवला, चित्रण काढून दिले आणि लागणाऱ्या प्रमाणपत्रावर सहीही केली. त्यांना मागणारा कागद हवा होता. तो आला आणि त्यांची अडचण सरली.

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात दोन इसम पकडले गेले, आणि एका भंगाराच्या दुकानामागील शेडमधून अकरा सायकली निघाल्या. ओळख पटवण्यासाठी आम्हाला बोलावणे आले. मुलीची निळी सायकल तेथे नव्हती. काळ्या रंगाची एक होती. सहायक फौजदारांनी ती उलटी करून पॅडलजवळच्या नळीचा तळ चिंधीने पुसला. तेथे कोरलेला सांगाड्याचा क्रमांक आणि दुकानदाराने बिलावर लिहिलेला क्रमांक यांचा अंक न् अंक जुळला. मुलगी आजवर माझ्याशी फारशी बोलत नसे. त्या दिवशी म्हणाली, “आजोबा, काळा रंग राहू दे. छान दिसतोय.”

न्यायालयाच्या आदेशाने, वडिलांनी बंधपत्र लिहून दिल्यावर, २ सप्टेंबरला सायकल ताब्यात मिळाली. मधले दोन महिने ती सकाळच्या तासांना शेअर रिक्षाने गेली. रोजचे चाळीस रुपये वडिलांनी कसे भागवले, ते मी विचारले नाही.

मला जी गोष्ट अजून विसरता येत नाही, ती उरलेल्या सायकलींची. त्या अकरांपैकी फक्त दोन सायकलींची फिर्याद नोंदलेली होती. बाकीच्या नऊ ठाण्याच्या आवारात लिंबाच्या झाडाखाली ओळीने उभ्या होत्या. त्यांत एक लहान मुलाची, मागे छोटी चाके लावलेली. “काका, यांचे मालक मी कुठे शोधू?” सहायक फौजदार म्हणाले. मालक होतेच. काहींनी ‘जाऊ द्या’ म्हटले असेल, काही हरवल्याचा दाखला घेऊन घरी गेले असतील, काहींकडे बिल नसेल. चोर सापडला, माल सापडला, आणि तरी परत देण्यास कोणी नाही.

आपल्या वाचकांत सायकलीचे व्यापारी आहेत, भंगाराचा व्यवसाय करणारेही आहेत. विक्रेत्यांना विनंती की, बिलावर सांगाड्याचा क्रमांक लिहावा. एका ओळीचे काम आहे. जुना माल घेणाऱ्यांना वेगळे सांगायला नको. चोरीचा माल जाणूनबुजून घेणे हा न्याय संहितेच्या कलम ३१७ अन्वये गुन्हा आहेच, आणि अचौर्य अणुव्रताच्या पाच अतिचारांत ‘तदाहृतादान’ कोणाला उद्देशून सांगितले आहे, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. घरोघरी सायकलीचे एक छायाचित्र, तिचा क्रमांक आणि बिल एकत्र ठेवावे.

आणखी एक विनंती पेढीच्या मालकांना आहे. आपल्याकडील हमाल, दिवाणजी, रखवालदार, स्वयंपाकाच्या मावशी यांची सायकल गेली, तर त्यांना नव्या सायकलीसाठी उचल द्यावी, ते चांगलेच. पण त्याआधी दुकान मुलावर सोपवून तासभर त्यांच्याबरोबर ठाण्यात जावे. बोलू त्यांनाच द्यावे. आपण बिल, अर्जाच्या दोन प्रती आणि एक पेन बरोबर घेऊन शेजारी बसावे, आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का पडेपर्यंत उठू नये.