आपण हरलो

घरात दीर्घ आजारी माणूस असले की एका प्रश्नाची सवय करून घ्यावी लागते. फोनवर, दारात, लग्नाच्या पंगतीत जो तो विचारतो, "आता कसे आहे? काही फरक?" कंपवातासारख्या दुखण्यात या प्रश्नाला खरे उत्तर देता येत नाही. फरक पडतो, पण विचारणाऱ्याला अपेक्षित असलेल्या दिशेने नव्हे. माझ्या यजमानांना २०१० साली कंपवाताचे निदान झाले आणि पुढची नऊ वर्षे मी "ठीक आहे" म्हणत काढली. त्या काळात औषधे, व्यायाम, डॉक्टर यांचा आधार होताच. त्याखेरीज आणखी कोणाचा, असे आपण विचाराल तर मला जरा संकोचूनच सांगावे लागेल. अमेरिकेतील एका सतत हरणाऱ्या बेसबॉल संघाच्या चाहत्यांचा!

२०१२च्या उन्हाळ्यात आम्ही सहा महिन्यांसाठी मुलाकडे गेलो. शिकागोला उत्तरेकडून लागूनच असलेल्या एव्हान्स्टनमध्ये त्याचे घर आहे. मुलगा-सून कामावर, नातू शाळेत, आणि दिवस तर रात्री साडेआठपर्यंत मावळायचे नाव घेत नसे. यजमान बँकेतून निवृत्त झालेले, क्रिकेटचे वेडे. तिथे क्रिकेट कुठले? शेजारच्या घराच्या ओसरीवर ब्याऐंशी वर्षांचे एक विधुर गृहस्थ रेडिओ लावून बसलेले असत. हातात पेन्सिल, मांडीवर चौकोनांचा कागद. पहिल्या आठवड्यात दोघांचे नुसतेच हात हलवणे झाले. दुसऱ्या आठवड्यात यजमान काठी टेकत कुंपण ओलांडून गेले, आणि मग दुपारचा चहा मला तिकडेच न्यावा लागू लागला.

संघाचे नाव शिकागो कब्स. कब्स म्हणजे अस्वलाची पिल्ले. मुलाच्या तोंडून तो उच्चार मला 'कब्ज' असा ऐकू आला आणि हिंदी चूर्णाच्या जाहिराती आठवल्या, हेही कबूल करते. या संघाने जगज्जेतेपदाची मालिका शेवटची जिंकली होती १९०८ साली. त्या मालिकेपर्यंत पोहोचणेसुद्धा १९४५ नंतर जमले नव्हते. शेजारचे आजोबा तेव्हा पंधरा वर्षांचे होते! १९४५च्या त्या मालिकेत एका दारूच्या गुत्त्याच्या मालकाला त्याच्या बोकडासह मैदानाबाहेर काढले, त्याने शाप दिला, म्हणून संघ जिंकत नाही, अशी आख्यायिका शिकागोत मोठ्या हौसेने सांगतात. मला विचाराल तर बोकडाला उगाच दोष. संघ बहुतेक वर्षे वाईटच खेळत होता.

इथे बेसबॉलची एक गोष्ट समजून घ्यायला हवी. एका हंगामात प्रत्येक संघाला १६२ सामने खेळावे लागतात. एप्रिलपासून ऑक्टोबर उजाडेपर्यंत जवळजवळ रोज सामना. अतिशय उत्तम संघही त्यांतले साठेक सामने हरतो. दहा वेळा खेळायला येऊन तीनदा चांगला फटका मारणारा खेळाडू तिथे थोर समजला जातो. त्यामुळे हरणे हा त्या खेळातला अपघात नसून नित्यक्रम आहे. तरीही मर्यादा असते. आम्ही होतो त्या वर्षी कब्स १०१ सामने हरले. मी रोज संध्याकाळी विचारी, "काय झाले?" आणि यजमान रोज म्हणत, "आपण हरलो."

मला त्या शब्दाचा राग येई. आजोबा इंग्रजीत जे सर्वनाम वापरत त्याला मराठीत दोन शब्द आहेत, आम्ही आणि आपण. यजमानांनी नेमका दुसरा उचलला होता. त्या पराभवात मला कशाला ओढता? घरात एक न जिंकता येणारी गोष्ट आहे ती पुरे नाही का? एकदा मी आजोबांना सरळच विचारले की, याच शहराच्या दक्षिण भागात व्हाइट सॉक्स नावाचा दुसरा संघ आहे, तो २००५ साली जिंकलाही, मग तुम्ही त्याचे का नाही होत? त्यांना प्रश्नच कळला नाही. दोनदा समजावून सांगितल्यावर ते म्हणाले, "माझ्या वडिलांनी मला या मैदानावर नेले होते." त्यांच्या दृष्टीने उत्तर पूर्ण झाले होते. ते पुन्हा रेडिओकडे वळले.

ते मैदान म्हणजे रिग्ली फील्ड. १९१४ सालचे. विटांच्या भिंतीवर १९३७ साली लावलेली वेल अजून आहे, आणि धावफलकाचे आकडे माणसे आजही हाताने बदलतात. ऑगस्ट १९८८पर्यंत तिथे दिवेच नव्हते, म्हणून घरचे सगळे सामने भरदिवसा होत. कामाच्या वेळी सामन्याला येणार कोण? निवृत्त माणसे, रात्रपाळीचे कामगार, गृहिणी, शाळा बुडवलेली मुले. उतारवयात दुपार किती जड जाते, हे आपणांस सांगायला नको. शिकागोतल्या कित्येक वृद्धांच्या दुपारी या हरणाऱ्या संघाने सोसण्याजोग्या केल्या.

आजोबांनी यजमानांना तो चौकोनांचा कागद, म्हणजे स्कोअरकार्ड, भरायला शिकवले. प्रत्येक खेळाडूपुढे प्रत्येक डावाचा एक चौकोन. फटका मारता न येता तीन स्ट्राइक होऊन बाद झाला की इंग्रजी 'के' लिहायचा. नुसते उभे राहून शेवटचा चेंडू सोडून दिला असेल तर तोच 'के' उलटा, आरशात दिसावा तसा. कंपवातात अक्षर बारीक होत जाते हे ज्यांच्या घरी हा आजार आहे त्यांना ठाऊक असेल. ओळीच्या आरंभी मुगाएवढे अक्षर शेवटी मोहरीएवढे होते. पुण्यात असताना मोठे अक्षर गिरवण्याचा सराव करा म्हणून त्यांना सांगितले होते, पण 'श्रीराम' लिहून लिहून ते कंटाळले होते. इथे चौकोन भरल्याशिवाय सामना पुढे जात नव्हता. त्यामुळे आजार बरा झाला, असे मी म्हणणार नाही. झाला नाहीच. पण त्या उन्हाळ्यातले कागद माझ्याजवळ आहेत. सप्टेंबरमधला 'के' जूनमधल्यापेक्षा मोठा आहे.

एकदा मुलगा आम्हाला मैदानावर घेऊन गेला. आगगाडीने ॲडिसन स्थानकावर उतरलो. सामना संपला की मैदानावर एक निशाण चढवतात. जिंकल्यास पांढरे, हरल्यास निळे. गाडीतून घरी जाणाऱ्याला खिडकीतूनच निकाल कळावा, अशी ती जुनी सोय. त्या दिवशी पाचव्या डावातच निळ्या निशाणाची तजवीज झालेली होती, तरी कोणी उठेना. सातव्या डावाच्या मध्यावर मात्र सगळे मैदान उभे राहिले. हात-पाय ताणायचे आणि एकत्र गाणे म्हणायचे, अशी बेसबॉलमध्ये रीत आहे. खुर्चीतून उठणे हे तेव्हा यजमानांचे सर्वांत अवघड काम होते. मी हात पुढे केला, तोवर पलीकडच्या अनोळखी बाईंनी त्यांच्या कोपराला आधार देऊन त्यांना उभे केलेही होते. त्यांची नजर मैदानावरच होती. त्या गातही होत्या.

मानसशास्त्रज्ञांनी या वेडाचा अभ्यास केलेला आहे. १९७६ साली रॉबर्ट चाल्डिनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकी विद्यापीठांत पाहणी केली. आपला फुटबॉल संघ जिंकला की विद्यार्थी विद्यापीठाच्या नावाचे कपडे अधिक घालून येत आणि "आम्ही जिंकलो" म्हणत. हरला की बोलण्यातला "आम्ही" कमी होई. केंटकीतील प्राध्यापक डॅनिएल वॉन यांनी पुढे अनेक वर्षे चाहत्यांचा अभ्यास केला. आपल्या गावाच्या संघाशी नाते जोडलेल्यांना एकटेपणा कमी जाणवतो, असे त्यांना आढळले. जिंकण्याहरण्यापेक्षा त्या जोडलेपणाचा हा गुण असावा. या नाण्याची दुसरी बाजूही आपल्यासाठी महत्त्वाची आहे. २००६च्या विश्वचषक फुटबॉलच्या वेळी म्युनिक परिसरातील डॉक्टरांनी नोंदी ठेवल्या. जर्मनीच्या सामन्यांच्या दिवशी हृदयविकाराच्या तातडीच्या घटना अडीच पटींहून अधिक झाल्या होत्या, आणि ज्यांना हृदयविकार आधीपासून होता त्यांना धोका अधिक होता. तेव्हा घरच्या हृदयरोग्याला सामना बघू द्यावा, पण औषध चुकू देऊ नये आणि छातीत दुखले तर 'सामना संपू दे' हे त्याचे म्हणणे मुळीच ऐकू नये.

आजोबांच्या ओसरीवर एकच छायाचित्र होते, अर्नी बँक्स यांचे. १९५३ ते १९७१ कब्सकडून खेळले, ५१२ होमरन मारले आणि हंगामानंतरचा निर्णायक सामना एकदाही त्यांच्या वाट्याला आला नाही. तरी ते ओळखले गेले उत्साहासाठी. दिवस सुरेख आहे, आज दोन सामने खेळू या, असे म्हणणारा माणूस! २००३ची गोष्ट आजोबा सांगत तेव्हा मात्र आवाज खाली येई. अंतिम मालिका गाठायला पाच खेळाडू बाद करायचे उरले होते, संघ तीन धावांनी पुढे होता, आणि आठव्या डावात फ्लोरिडाच्या संघाने आठ धावा काढल्या. एका प्रेक्षकाने चेंडूला हात लावला, म्हणून शहराने सगळा राग त्याच्यावर काढला. आजोबांना पराभवापेक्षा त्याची अधिक लाज वाटे. निष्ठेला ही काळी बाजू असते; दोष द्यायला माणूस सापडला की बरे वाटते. आजारी माणसाच्या घरातही असे होते. मीही कधी सुनेला, कधी डॉक्टरांना बोल लावले आहेत.

आम्ही परतलो. शिकागोचा रात्रीचा सामना म्हणजे पुण्यात पहाटेचे साडेपाच. यजमानांना झोप तशीही लागत नसे. मुलाने संगणकावर व्यवस्था करून दिली आणि आमचा दिवस बेसबॉलने उजाडू लागला. २०१४च्या हिवाळ्यात आजोबा गेले. त्यांच्या मुलीने कळवले की, अखेरच्या महिन्यांत ते तिला ओळखत नव्हते, पण रेडिओ लावला की पेन्सिल मागत. पुढच्या जानेवारीत अर्नी बँक्सही गेले.

२०१६ साली कब्स अंतिम मालिकेत पोहोचले. सातवा सामना सुरू झाला तेव्हा आपल्याकडे ३ नोव्हेंबरची पहाट होती. भाऊबीज होऊन दोन दिवस झाले होते, घरात फराळाचे डबे तसेच होते. क्लीव्हलँडने आठव्या डावात ६-६ अशी बरोबरी साधली. नऊ डाव संपले आणि पाऊस आला. सतरा मिनिटे खेळ थांबला, तेव्हा माझ्या लक्षात आले की आठची गोळी राहिली आहे आणि सव्वानऊ वाजून गेले आहेत. यजमानांचे हात लाकडासारखे झाले होते. इतक्या वर्षांत मी वेळ चुकवली ती त्या एकाच दिवशी. दहाव्या डावात कब्स ८-७ असे जिंकले. १०८ वर्षांनी. यजमानांच्या चेहऱ्यावर या आजारामुळे भाव उमटत नसत, त्यामुळे त्यांना काय वाटले ते मला दिसले नाही. बऱ्याच वेळाने ते म्हणाले, "क्लीव्हलँडचे म्हातारे रडत असतील. तेही १९४८पासून थांबलेत."

त्या आठवड्यात शिकागोत लोक मैदानाच्या बाहेरच्या भिंतीवर खडूने नावे लिहीत होते. वडिलांची, आजीची, मामाची. हा दिवस न पाहता गेलेल्यांची. हात पोचेल तिथवर विटा भरून गेल्या. मुलाने जाऊन शेजारच्या आजोबांचे नाव लिहिले आणि छायाचित्र पाठवले. यजमानांनी ते उशाशी ठेवले होते. २०१९च्या पावसाळ्यात ते गेले.

जुलै २०२१च्या अखेरीस, संघ पुन्हा हरू लागला होता तेव्हा, व्यवस्थापनाने रिझो, बाएझ आणि ब्रायंट या २०१६च्या तिन्ही शिलेदारांना दोन दिवसांत दुसऱ्या संघांकडे पाठवून दिले. मी मुलाला फोन लावला. "अरे, आता आपल्याकडे पहिल्या बेसवर उभे राहायचे कोणी?"

तो क्षणभर गप्प राहिला. मग म्हणाला, "आई, तिकडे किती वाजलेत?"

पहाटेचे साडेपाच वाजले होते.