नेटजवळचा चेंडू

मालवणात मुरलीकांत पेटकरांचं नाव निघालं की विषय पोहण्याचाच होतो. साहजिक आहे, समुद्राकाठच्या गावाला पोहणाऱ्याचं कौतुक जरा जास्तच. पेटकर मूळचे सांगली जिल्ह्यातल्या पेठ-इस्लामपूरचे, सैन्याच्या ईएमई दलातले जवान. 1965च्या युद्धात गोळ्या लागून ते जायबंदी झाले आणि 1972च्या हायडेलबर्ग पॅरालिम्पिकमध्ये त्यांनी 50 मीटर फ्रीस्टाइलचं सुवर्ण 37.33 सेकंदांच्या विश्वविक्रमासह जिंकलं. 2018 साली पद्मश्री मिळाली, 2024 साली ‘चंदू चॅम्पियन’ हा चित्रपट आला आणि ही गोष्ट घरोघर पोचली. मात्र 1968 साली तेल अवीवला भारत पहिल्यांदा पॅरालिम्पिकमध्ये उतरला, तेव्हा हेच पेटकर टेबल टेनिसच्या टेबलाशी होते आणि त्यांनी पहिली फेरी पारही केली होती, हे फारसं कुणी सांगत नाही.

त्या टेबलावरून भारताला पदक मिळायला मात्र 2021 सालचं टोकियो पॅरालिम्पिक उजाडलं.

ते आणलं भाविना पटेलने. गुजरातच्या मेहसाणा जिल्ह्यातल्या सुंढिया गावची ही मुलगी वर्षाची असताना तिला पोलिओ झाला. पुढे ती संगणकाचा अभ्यासक्रम शिकायला अहमदाबादच्या ब्लाइंड पीपल्स असोसिएशनमध्ये गेली आणि तिथे तिच्या हातात बॅट आली. ललन दोशी हे तिचे प्रशिक्षक. 2011 साली थायलंडच्या स्पर्धेत तिने रौप्य मिळवलं आणि जागतिक क्रमवारीत ती दुसऱ्या स्थानापर्यंत गेली. म्हणजे टोकियोत ती अचानक उगवली नव्हती. आपण तिच्याकडे बघायला दहा वर्षं लावली.

व्हीलचेअरवरच्या टेबल टेनिसबद्दल बोलताना उभ्याने खेळणारी पोरं हमखास एक वाक्य टाकतात, ‘बसान खेळूचा म्हणजे सोपाच मा!’ त्यांच्याशी वाद घालू नये. प्लास्टिकची एक खुर्ची ओढून त्यांना टेबलाशी बसवावं आणि नेटजवळ एक हलका चेंडू टाकावा. टेबलाची उंची 76 सेंटीमीटर, त्यावर नेट 15.25 सेंटीमीटर. उभ्या माणसाच्या कमरेशी असलेली नेटची कड बसल्यावर छातीशी येते. टेबलाच्या कडेपासून नेट 1.37 मीटरवर, आणि हात लांब करून बॅट पुढे धरली तरी तिथपर्यंत पोच होत नाही. पोरगा सवयीने अर्धा उठतो. तिथेच त्याचा गुण गेला! चेंडू मारताना मांडीची मागची बाजू बैठकीला टेकलेली हवी आणि खेळ चालू असताना पाय जमिनीला लागता कामा नये, असा नियम आहे. तोल सावरायला मोकळा हात टेबलावर टेकता येतो, पण फटका मारून झाल्यावर, आणि टेबल हलता कामा नये.

कोकणातल्या कॅरमवाल्याला हे चटकन कळतं. त्यालाही बूड न उचलता लांबची सोंगटी काढायची असते.

सर्व्हिसचा नियम वेगळा असण्याचं कारणही हीच पोच. सर्व्हिस समोरच्याच्या मागच्या कडेवरूनच बाहेर जायला हवी. बाजूने निसटली, नेटकडे परत फिरली किंवा टेबलावरच थांबली तर लेट, म्हणजे सर्व्हिस पुन्हा. एकदा रॅली सुरू झाली की ही सूट संपते. मग चेंडू आखूड टाका, बॅकस्पिनने मागे खेचा, तिरका बाजूला काढा, सगळं चालतं. ताकद दुय्यम ठरते आणि समोरच्याचा हात कुठे संपतो हे ओळखण्याला सगळं मोल येतं. एक ते पाच हे वर्ग व्हीलचेअरचे. पहिल्या दोन वर्गांतल्या ज्यांच्या बोटांत पकड नसते, ते बॅट हाताला बांधून खेळतात. भाविना चौथ्या वर्गातली. या वर्गात हात पूर्ण चालतात आणि बसून तोलही राहतो.

टोकियोत पहिलाच सामना ती चीनच्या झोऊ यिंगकडून सरळ हरली. त्यानंतर तिने उपांत्यपूर्व फेरीत रिओच्या सुवर्णविजेत्या सर्बियाच्या बोरिस्लावा पेरिच-रांकोविचला तीन गेममध्ये बाहेर काढलं. उपांत्य फेरीत समोर झांग मियाव, जिला तिने त्याआधी कधीच हरवलं नव्हतं. पहिला गेम 7-11 असा गेला, पुढचे दोन 11-7 आणि 11-4 असे आले, चौथा 9-11 असा निसटला, पाचवा 11-8. चौथा हातातून गेल्यावर पाचवा खेळणं काय असतं, हे ज्याने क्लबातल्या स्पर्धेत का होईना अनुभवलंय, त्याला हा स्कोअर नुसता वाचूनही घाम फुटेल. 29 ऑगस्टच्या अंतिम सामन्यात पुन्हा झोऊ यिंग आणि पुन्हा 0-3. पॅरालिम्पिक टेबल टेनिसमधलं भारताचं ते पहिलं पदक. 2022 साली बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत तिने सुवर्ण जिंकलं. 2024 साली पॅरिसच्या उपांत्यपूर्व फेरीत ती परत झोऊ यिंगकडूनच हरली, पण या वेळी 1-3. बातम्यांनी ती हार म्हणून एका ओळीत संपवली. खेळणाऱ्याची नजर मात्र त्या जिंकलेल्या एका गेमवरच थांबते.

सिंधुदुर्गात हा खेळ रुजवायचा तर पहिली अडचण हवेची वाटते. जूनपासून रबर दमट होतं, स्पिन धरत नाही, चेंडू बॅटवरून सटकतो. दोन रॅलींमध्ये तळहाताने रबर पुसत राहणं हा इथल्या खेळाडूचा चाळाच. पण ती अडचण सगळ्यांना सारखी. व्हीलचेअरवाल्याचा प्रश्न त्याच्या कितीतरी आधी, हॉलच्या दारात उभा राहतो. जांभ्याच्या पायऱ्या, वाटेत वाळू, आणि गाडी पकडायची तर मालवणहून कुडाळ किंवा कणकवली गाठायचं. ‘खेलो इंडिया पॅरा गेम्स’मध्ये 2023च्या पहिल्या वर्षापासून टेबल टेनिस आहे, तेव्हा तयारी करणाऱ्याला पुढचा रस्ता आहे.

टेबलाचं म्हणाल तर नियम एवढाच, की पाय मागच्या कडेपासून निदान 40 सेंटीमीटर आत हवेत, नाहीतर गुडघे आणि खुर्ची आत जात नाहीत. शाळेतल्या टेबलाचं हे अंतर फूटपट्टीने दोन मिनिटांत मोजून होतं. रॅम्पचं काम तेवढ्यात होत नाही, म्हणून सुरुवात तिथूनच करावी लागेल.