काकांच्या गोळ्या आणि बेडकाची शेपूट

जुलैत रत्नागिरीला गेले होते. काकांच्या ओटीवर काचेची बरणी, आत सड्यावरच्या डबक्यातून नातवाने आणलेले बेडूकमासे.

"अगो, ह्यांची शेपूट गळून पडते ना?" काकांनी विचारलं.

गळत नाही काका, जिरते. हुकूम आला की तिच्यातल्या पेशी आपण होऊन मरतात.

बोलून गेले आणि जीभ चावली. काकांचं दुखणं नेमकं उलटं. क्रॉनिक लिम्फोसायटिक ल्युकेमिया. काही पांढऱ्या पेशी मरायचं नावच घेत नाहीत.

शाळेत आपण मायटोकॉन्ड्रिया म्हणजे पेशीचं वीजघर एवढंच घोकलं. पण पेशीचं मरणही तिथेच ठेवलेलं असतं! बॅक्स आणि बॅक ही प्रथिनं त्याच्या बाहेरच्या पडद्याला भोकं पाडतात. एरवी ऊर्जेच्या कामाला जुंपलेलं सायटोक्रोम सी त्यातून बाहेर सांडतं, आणि मग कॅस्पेज नावाची विकरं पेशी आतून मोडून काढतात. बीसीएल-२ हे प्रथिन हे सगळं रोखून धरतं. भोकं पाडायला चिथावणाऱ्या प्रथिनांना ते आपल्या खाचेत अडकवून ठेवतं. बीसीएल-२ पेशी वाढवत नाही, फक्त मरू देत नाही, हे १९८८ साली मेलबर्नमध्ये डेव्हिड वॉक्स आणि सहकाऱ्यांनी दाखवलं. कर्करोग म्हणजे नुसती बेसुमार वाढ, असं तोवर मीही समजत होते. (तोवर म्हणजे काका आजारी पडेपर्यंत. १९८८ला मी कुठे वाचत होते हे!)

काकांची गोळी, व्हेनेटोक्लॅक्स, त्याच खाचेत जाऊन बसते. अडकलेली प्रथिनं सुटतात. पण गोळी एकदम पूर्ण देत नाहीत. पहिला आठवडा २० मिलिग्रॅम, मग ५०, १००, २०० आणि पाचव्या आठवड्यात ४००. साठलेल्या पेशी एकदम मेल्या तर त्यांच्यातलं पोटॅशियम, फॉस्फेट रक्तात उतरतं, युरिक ॲसिड वाढतं आणि मूत्रपिंडं बसू शकतात. म्हणून सारख्या रक्ततपासण्या आणि भरपूर पाणी. काकू तांब्या घेऊन दिवसभर मागे!

ग्रेपफ्रूटही वर्ज्य, त्याने गोळीचा अंश रक्तात वाढतो. पपनस त्याचंच भावंडं, डॉक्टरांनी तेही नको म्हटलं. काकांना रोगापेक्षा याचाच राग. "गणपतीत परसातलं पपनस तुम्ही खायचं, नि मी बघत बसायचं?"

काल काकूचा फोन होता. काका १००वर आलेत, रिपोर्ट ठीक आहेत. बरणीतल्या दोघांना पुढचे पाय फुटलेत.