बुडावरची सही

आमच्या घरी कोनाड्यात काचेचे एक भांडे आहे. रुमालाच्या मधोमध बोट दाबून तो उलटा धरावा, त्याची टोके लाटांसारखी कमीजास्त उंचीवर उभी राहावीत आणि तो तसाच थिजावा, असा त्याचा घाट. अंगात पांढऱ्या धाग्यांसारख्या रेघा. दादीअम्मा त्याला ‘काचेचा रुमाल’ म्हणत.

आम्ही अमळनेरचे मणियार. अब्बांचे दुकान होते. पण दादीअम्मांनी बांगड्यांची टोपली शेवटपर्यंत सोडली नाही. मारवाड्यांचे वाडे, पाटलांच्या गढ्या, गिरणीतल्या साहेबांचे बंगले, सगळीकडे त्यांना आतपर्यंत वाट होती. 1964 साली गिरणीतल्या एका साहेबांनी गाव सोडले. सामान आवरताना बाईसाहेबांनी हा रुमाल दादीअम्मांच्या टोपलीत ठेवला. “मणियारचाची, तुम्ही काचवाल्या, तुम्हीच सांभाळा,” असे म्हणाल्या. तेव्हापासून तो आमच्याकडे आहे.

गेल्या वर्षी नातीच्या शिक्षणाचा खर्च निघाला. थोरला मुलगा पुण्याहून आला होता. त्याच सुमारास मुंबईचा भाचा ईदला आला. जुन्या वस्तूंचा त्याला नाद आहे, चोरबाजारातल्या मटन स्ट्रीटवर त्याची उठबस असते. कोनाड्याकडे बघून तो म्हणाला, “मामू, हे इटलीचे असेल. बुडावर सही बघा. सही निघाली तर पोरीची सगळी फी निघेल.”

मग आम्ही सही शोधायला बसलो. आयुष्यभर काच विकली, पण काचेवर कारागिराची सही असते हे आमच्या गावीही नव्हते. भाच्याने पुस्तके दिली, फोनवर चित्रे दाखवली आणि या वयात आम्ही नवी विद्या शिकलो.

इटलीत व्हेनिसजवळ मुरानो नावाचे बेट आहे. आगीच्या भीतीने 1291 मध्ये व्हेनिसच्या सरकारने काचेच्या भट्ट्या तिकडे हलवल्या. तिथे 1921 साली पाओलो वेनिनी नावाच्या मिलानच्या वकिलाने जाकोमो काप्पेलिन या भागीदाराबरोबर कारखाना काढला. आमच्यासारखा रुमालाचा घाट याच वेनिनीच्या कारखान्यात 1948-49 च्या सुमारास फुल्व्हियो बियांकोनी या चित्रकाराच्या हातून आला. इटालियनमध्ये त्याला ‘फात्सोलेत्तो’, म्हणजे रुमालच, म्हणतात. दादीअम्मांना इटालियन येत नव्हते, पण नाव त्यांनी बरोबर ठेवले होते.

त्या काळात वेनिनीच्या मालाच्या बुडावर तेजाबाचा छोटा शिक्का असे: वेनिनी, मुरानो, इटालिया. नुसत्या डोळ्यांना तो दिसेलच असे नाही. भांडे उलटे करून उजेड तिरपा पाडायचा, भिंगातून बघायचे, तेव्हा धुरकट अक्षरे उमटतात. पुढच्या काळात टोकदार हत्याराने नाव कोरू लागले. इथेच फसवणूकही होते. बिनसहीच्या मालावर कोणीतरी मागाहून नाव कोरतो. त्यासाठी बुडावरचे ओरखडे बघायचे. भांडे वर्षानुवर्षे फळीवर घासले की बूड झिजते. सही जुनी असेल तर ओरखडे सहीवरून जातात. ओरखडे जुने आणि सही त्यांना कापून गेलेली असेल, तर ती मागाहूनची समजावी.

आणखी एक पारख आहे. या घाटाची नक्कल पुष्कळांनी केली. इंग्लंडमधल्या चान्स ब्रदर्सनेही पन्नाशीच्या दशकाअखेर असेच रुमाल बाजारात आणले. ते सपाट काच तापवून वाकवलेले. रेघा वरून छापलेल्या. मुरानोच्या अशा रुमालात पांढऱ्या रेघा काचेच्या आतच असतात आणि घडवताना लोखंडी दांडी जिथे चिकटवलेली असते, तिथे बुडावर घासून गुळगुळीत केलेला डाग राहतो.

आम्ही रुमाल उलटा केला. रेघा काचेच्या आत होत्या, नखाला लागत नव्हत्या. बुडावर घासलेला गोल डाग होता. भाचा खूश झाला. पण सही नव्हती. खिडकीशी बघितले, दिव्याखाली बघितले, नातीच्या कोवळ्या डोळ्यांनी बघितले. ओरखड्यांशिवाय काही नाही. मुरानोतल्या कितीतरी कारखान्यांनी मालावर सही केलीच नाही. ते नुसता कागदाचा नाहीतर चंदेरी वर्खाचा लेबल चिकटवीत. लेबल गेले की नाव गेले. आमच्या भांड्यालाही चंदेरी टिकली होती, हे आम्हांला पुसटसे आठवते. दादीअम्मा दर ईदला ते राखेने घासून लख्ख करीत. घासता घासता इटलीतल्या कोणाचे तरी नाव आमच्या मोरीतून वाहून गेले.

भाच्याने निकाल दिला, “मुरानोचा आहे, पण कोणाचा ते कळत नाही. सहीवाल्याचा भाव याला नाही.”

त्या रात्री झोप आली नाही. पैशांचे वाईट वाटले, पण दुसरेच काही डोक्यात घोळत राहिले. सही असती तरी ती कोणाची? कारखान्याच्या मालकाची. चित्र काढणाऱ्याचे नाव पुस्तकात सापडते. पण भट्टीपुढे उभे राहून ज्याने त्या काचेत आपला श्वास भरला, त्याचे नाव बहुतेक वेळा कुठेच नसते. आपल्याकडेही वेगळे झाले नाही. कैरोच्या मशिदींत चौदाव्या शतकात काचेचे दिवे टांगलेले असत. सूरह नूरमधली दिव्याची आयत त्यांवर मीनाकामात लिहिलेली, त्याखाली सुलतानाचे किंवा अमिराचे नाव. कारागिराचे नाव अगदी क्वचित. अमीर कौसूनसाठी केलेला असा एक दिवा न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. त्यावर अली बिन मुहम्मद हे करणाऱ्याचे नाव आहे, म्हणून त्याचे अप्रूप. पुढे 1569 साली तुर्की वजीर सोकोल्लू मेहमेद पाशाने मशिदींसाठी नऊशे दिवे मागवले, ते व्हेनिसहूनच. त्या नऊशे दिव्यांना फुंकणाऱ्यांची नावे कोण सांगेल?

आणि आमच्या बांगडीचे काय? फिरोजाबादेत वितळलेल्या काचेचा धागा फिरत्या रुळावर गुंडाळतात. ती वेटोळी कापली की तोंड उघडी असलेली कडी हाती येतात. मग घरोघर बायका-पोरी ज्योतीवर एकेका कड्याची टोके जुळवतात. त्याला तिकडे जुडाई म्हणतात. अशी कित्येक हातांतून आलेली बांगडी आम्ही दोन-चार, दोन-सहा असे माप बघून लेकीबाळींच्या हातात भरली. वैशाखात सखाराम महाराजांच्या यात्रेला बोरी नदीच्या पात्रात पाल ठोकून भरली, लग्नघरी हिरवा चुडा भरला. बांगडी फुटली असे आम्ही कधी म्हटले नाही, ‘वाढवली’ म्हटले. पण तिच्यावर कोणाचे नाव शोधले नाही.

दादीअम्मा मात्र बांगडी उजेडात धरून आधी सांधा बघत. जोड जाड असेल तर म्हणत, “नवशिकी पोरगी आहे.” जोड सापडलाच नाही तर म्हणत, “इसका हाथ चूमना चाहिए.” सही वाचण्याचा तोच त्यांचा प्रकार होता, हे आम्हांला आता कळले.

दुसऱ्या दिवशी मुलाने नातीच्या प्रवेशाचा फॉर्म पुढे ठेवला. आडनावाच्या जागी त्याला ‘शेख’ लिहायचे होते. “अब्बा, मणियार म्हटले की लोक विचारतात, बांगड्या विकता का?” हे तो पूर्वीही बोलला होता, तेव्हा आम्ही रागावलो होतो. या वेळी राग आला नाही. त्याचा अपमान झाला असेल, म्हणून तो म्हणतो. कारखानदाराचे नाव बुडावर असले की भाव वाढतो. आमचे नाव असले की भाव उतरतो. पोराने केलेला हिशेब आम्हांला खोटा म्हणता येईना.

पण भाच्याने जाता जाता एक गोष्ट सांगितली होती. सही नसली तर वस्तू कोणाकडून कोणाकडे आली, याची नोंद तरी ठेवावी. जाणकार तीही बघतात. म्हणून आम्ही एक चिठ्ठी लिहिली: “काचेचा रुमाल, मुरानो, करणारा अज्ञात. 1964 साली अमळनेरच्या गिरणीतल्या बाईसाहेबांनी आमच्या दादीअम्मांना दिला. त्या टोपली घेऊन दारोदार बांगड्या भरत. हे घर मणियारांचे.” चिठ्ठी घडी करून रुमालात ठेवली. त्यात काही ठेवता येते, हे इतक्या वर्षांनी प्रथमच कळले.

नातीने ती काढून वाचली, तिच्या बापानेही वाचली. तो काही बोलला नाही. फॉर्म अजून टेबलावर आहे, आडनावाची जागा कोरी आहे. मुदत संपायला चार दिवस आहेत. काय लिहायचे ते नातीने ठरवावे, एवढे आम्ही सांगितले आहे.