पाणकावळा हा कावळा आहे का? (इयत्ता चौथी, परिसर अभ्यास)



आज माझीच एक चूक सांगते. आमचा देवळाली प्रवराचा परिसर म्हणजे कालवा, ऊस आणि कावळे! म्हणून मुलांना म्हटलं, "माहीत असलेले कावळे सांगा." फळ्यावर चार नावं आली: गावकावळा, डोमकावळा, पाणकावळा, कुंभारकावळा. मी चारही नावांपुढे बरोबरची खूण केली.

मागच्या बाकावर ऊसतोड कामगाराची एक मुलगी बसायची. कधी बोलायची नाही. ती हळूच म्हणाली, "बाई, पाणकावळ्याच्या पायाला बदकावानी पडदं असत्यात. कावळ्याला कुठं असत्यात?"

मी "उद्या बघू" म्हणून वेळ मारून नेली. रात्री वाचलं, तर पोरगी बरोबर होती! पाणकावळ्याचं कुळच वेगळं. कुंभारकावळा म्हणजे आपला भारद्वाज, तो तर कोकिळेचा नातेवाईक.

दुसऱ्या दिवशी खडू तिच्या हातात दिला आणि दोन खुणा तिलाच पुसायला लावल्या. मग कावळा कुळाचे मुख्य गट फळ्यावर लिहिले. या कुळात सव्वाशेच्या आसपास जाती आहेत.

१) कावळे: राखाडी मानेचा गावकावळा, जाड चोचीचा काळाभोर डोमकावळा. थोराड रेव्हनही यातच.
२) टकाचोर: तांबूस अंग, लांब शेपटी. आपल्याकडच्या झाडीतही दिसतो. दुसऱ्यांच्या घरट्यातली अंडी पळवतो.
३) मॅगपाय आणि जे: रंगीत मंडळी. आपल्या देशात हिमालयाच्या बाजूला दिसतात.
४) नटक्रॅकर: बिया जमिनीत पुरून ठेवतो आणि हिवाळ्यात आठवणीने उकरून खातो.
५) चफ: डोंगरकड्यांवरचा. पिवळ्या चोचीचा चफ एव्हरेस्टवर 8,000 मीटरच्या वरही गिर्यारोहकांना दिसला आहे.

मुलांना सगळ्यात गंमत वाटली ती पुढच्या गोष्टीची. शास्त्रज्ञांच्या वर्गवारीत कावळा 'गाणारे पक्षी' या गटात येतो आणि कोकिळा येत नाही! कारण ही वर्गवारी गोड आवाजावर नाही, तर शरीराच्या आणि स्वरयंत्राच्या रचनेवर ठरते.

त्या दिवसापासून ती मुलगी तासाला हात वर करायला लागली. हंगाम संपला आणि ती आईवडिलांबरोबर गावी गेली. पण मला एक सवय लावून गेली. आता मी बरोबरची खूण करण्याआधी विचारते, "हे कुणी जवळून पाहिलंय का?"

तुम्हीही मुलांना विचारून बघा. आणि हो, आधी मागच्या बाकावर विचारा.