तेलाच्या नळाच्या कडेकडेने

फेअरबँक्स, जून

ती. बाबांस सा. न.

रात्रीचे अकरा वाजलेत आणि बाहेर लख्ख उजेड आहे. झोप येईना, म्हणून लिहायला बसलो. आज फॉक्सला जाऊन आलो. तिथे रस्त्यालगत अलास्काची तेलवाहिनी खांबांवर चढवलेली दिसते. खालची जमीन बारमाही गोठलेली. गरम तेलाने ती वितळली तर नळ खचायचा, म्हणून निम्म्याहून जास्त लांबी अशी वरून नेली आहे. सगळे नळाखाली उभे राहून फोटो काढत होते. मी शेजारी मांडून ठेवलेल्या जुन्या पिगपाशी रेंगाळलो. तुम्ही असतात तर तिथून हलला नसतात.

एवढं आईला वाचून दाखवा: पिग म्हणजे पिचकारीचा दट्ट्या, फक्त बिनदांड्याचा. मागून तेलाचा रेटा बसतो आणि तो नळाच्या भिंतीवरचं मेण खरवडत पुढे सरकतो. हा नळ ४८ इंची, त्यामुळे त्याच्या चकत्याही चांगल्या पुरुषाच्या छातीला लागतील एवढ्या. चकत्या पॉलियुरेथेनच्या. नखाने दाबून पाहिलं, जराही दबल्या नाहीत.

व्हाल्डीझ

ती. बाबा,

रिचर्डसन हायवेने दक्षिणेला उतरलो. नळ कधी झाडीत गडप, कधी डोंगरउतारावर नागमोडी. ते नागमोडी वळण मुद्दाम ठेवलंय; थंडी-उष्णतेने पोलाद आखडलं-पसरलं की नळाला सरकायला जागा हवी. उत्तर टोकाच्या प्रुढो बेपासून १,२८७ किलोमीटर आलेलं तेल इथे बंदरात जहाजांत भरतात, आणि पिगही इथे बाहेर काढतात.

१९८८ साली या नळातून दिवसाला वीस लाख पिंपं तेल जायचं आणि साडेचार दिवसांत इथे पोचायचं. आता ते पाच लाखांच्याही खाली आलंय आणि वाटेत दोन आठवड्यांहून जास्त रेंगाळतं. रेंगाळलं की थंड होतं, थंड झालं की मेण धरतं, पाणी तळाला बसतं. तेल घटलं तशी नळाची निगा वाढली. हिशेबनीसाला हे पटवणं अवघड जात असणार!

निगा चुकली की काय होतं, तेही इथल्यांना ठाऊक आहे. मार्च २००६ मध्ये प्रुढो बेलाच, मुख्य नळाला तेल आणून देणारी एक वाहिनी आतून गंजून फुटली. दोन लाख गॅलनांहून जास्त तेल बर्फावर सांडलं. कळलं कसं, तर गाडीतून जाणाऱ्या एका कामगाराला वास आला म्हणून. त्या वाहिनीत स्मार्ट पिग शेवटचा सोडला होता १९९८ साली. स्मार्ट पिगची चुंबकं पोलाद जिथे झिजलंय तिथे अचूक बोट ठेवतात, पण त्यासाठी आधी तो आत सोडावा लागतो ना. आणि गाळाने भरलेल्या नळात तो सोडून उपयोग नाही. आधी साधा पिग फिरवून नळ घासावा लागतो. दिमाखाचं काम स्मार्ट पिगचं, पण मला विचाराल तर मान त्या खरवडणाऱ्याचा.

पिग बाहेर काढायच्या ट्रॅपचं दार उघडताना दाबाच्या गेजवर भरवसा ठेवायचा नाही, व्हेंट उघडून बघायचं, हा तुमचा उरणच्या नोकरीतला नियम इथल्या एका निवृत्त ऑपरेटरला सांगितला. तो म्हणाला, "तुझे वडील अजून जिवंत आहेत ते उगाच नाही." हिवाळ्यात इथे पंप स्टेशनवर तेल फिरवून फिरवून ऊबदार ठेवतात म्हणे. मुंबई हायचं तेलही मेणचटच ना? मग समुद्राखालच्या नळात ते गोठू नये म्हणून तुम्ही काय करायचात, ते सविस्तर लिहा. म्हाताऱ्याला उत्तर द्यायचंय.